टूची गाठ

तळ्यात आता पोटरीभर पाणी होतं, तेही फक्त मधोमध. मास्तर आणि त्यांची सून त्यात उतरून घायपाताच्या मोळ्या उपसत होते. एकवीस दिवस भिजलेली पात हाताला बुळबुळीत लागायची आणि तिचा वास केसांत जाऊन बसायचा. सून मोळी खांद्यावर घ्यायची, मास्तर दुसरी चिखलातून ओढत काठापर्यंत न्यायचे. सकाळी त्यांनीही एक खांद्यावर घेऊन पाहिली होती आणि पाठीत कळ आली होती. त्यानंतर सुनेने एकही मोळी त्यांच्या खांद्यावर चढू दिली नाही.

काठावर पाणी राखणारा माणूस छत्री धरून उभा होता.

"मास्तर, ही शेवटची बरं का. उद्यापासून तळ्यात पात टाकायची नाही. उरलंय ते जनावरांना."

"हो," मास्तर म्हणाले.

"मागच्या वेळीही हो म्हणाला होतात."

"मागच्या वेळी तळं होतं, भाऊ," सून कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आता हे काय तळं आहे? माझ्या लेकीच्या हातून तांब्या कलंडला तरी एवढं साठतं."

तो हसला आणि छत्री दुसऱ्या खांद्यावर घेऊन निघून गेला. पात भिजली नाही तर कुजत नाही, कुजली नाही तर बडवून धागा निघत नाही आणि धागा नाही तर दोर नाही. ही मोळ्यांची रास म्हणजे तीन आठवड्यांचं काम होतं. त्यानंतर काय, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मास्तर एक दिवसही मास्तर नव्हते. सातवीत बाप गेला आणि दोर वळायला बसावं लागलं. पण वाण्याकडून सामान ज्या कागदात बांधून येई तो कागद ते सुरकुत्या काढून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. त्यावरून गल्लीने आधी चिडवायला म्हणून मास्तर म्हटलं, पुढे चिडवणं गेलं आणि नाव राहिलं. त्यांच्याकडे इंग्रजी व्याकरणाचं एक पुस्तक होतं. रद्दीवाल्याकडून घेतलेलं, पुठ्ठा नसलेलं, आणि अठ्ठेचाळिसाव्या पानावरून एकदम एक्याऐंशीवर जाणारं. इतकी वर्षं त्या पुस्तकाचा कुणालाच उपयोग नव्हता. आता होता.

मुलगा दोन वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे एका गोदामात मालाच्या कामावर गेला होता. चार महिन्यांपूर्वी त्याचा निरोप आला की कुटुंब नेता येईल, पण बायकोला इंग्रजीत दहा मिनिटं बोलून दाखवावं लागेल. शहरातल्या एका कचेरीत, साहेबासमोर. ही परीक्षा वर्षातून एकदाच. नापास झाली तर पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं. सून चौथी शिकलेली. तिला इंग्रजीतली अक्षरं ओळखू यायची आणि बटाट्याच्या पोत्यावरचं नाव वाचता यायचं.

"तूच का नाही शिकवत फोनवर?" मास्तरांनी मुलाला विचारलं होतं.

"आबा, मला येस बॉस आणि नो बॉस एवढंच येतं. दोन्हींत काम तेच करावं लागतं."

म्हणून मास्तर शिकवत होते.

वर्ग भरायचा दोर वळण्याच्या वाटेवर. गोठ्याच्या मागून सरळ साठ पावलं. एका टोकाला लाकडी चाक, ते सून फिरवायची. मास्तर धाग्यांचा पुंजका कमरेला बांधून, बोटांनी एकेक झुबका सोडत, उलट्या पावलांनी मागे मागे जायचे. पीळ बसत जायचा आणि दोघांतलं अंतर वाढत जायचं, त्यामुळे धडा जसजसा पुढे सरके तसतसा आवाज चढवावा लागे.

"दोन क्रियापदं एकमेकांना जोडायची," मास्तर म्हणत, "तर मध्ये टूची गाठ मारायची. आय वॉन्ट..."

"टू गो!"

"शी लाइक्स..."

"टू ईट!"

"ही होप्स..."

"आबा, ही म्हणजे कोण?"

"ही म्हणजे तो."

"आणि ती?"

"ती म्हणजे शी."

"तोला ही म्हणायचं. मग यांची परीक्षा अवघड असणारच की," सून म्हणाली आणि चाक फिरवत राहिली. "ही होप्स टू कम!"

साठाव्या पावलाला मास्तर पुरते ओरडत असत. गल्लीभर ऐकू जाई. दूधवाला सायकल थांबवून म्हणायचा, "आय वॉन्ट टू दूध," आणि सून त्याला इंग्रजीतूनच पाणी कमी घालायला सांगू पाहायची.

एक पेड झाला की खुंटीला अडकवायचा आणि दुसरा घ्यायचा. तेव्हा क्रमाचे आकडे. फर्स्ट, सेकंड, थर्ड. इथपर्यंत ठीक होतं. पुढचे आकडे आले की सुनेची चार वर्षांची लेक भिंगरी खेळ टाकून धावत यायची. तिचं नाव वेगळं होतं, पण एका जागी ठरत नाही म्हणून सगळे भिंगरीच म्हणायचे. आजोबांचे पुढचे दोन दात नव्हते आणि इंग्रजीतले चौथ्यापासूनचे सगळे आकडे जीभ दातांत धरून संपवावे लागत.

"आबा, सहावा म्हणा!"

"सिक्स्थ," मास्तर म्हणायचे, आणि तोंडाला पदर लावून सून चाकावर वाकायची.

"हे चौथ्यापासून पुढचे सगळे थुंकतातच का हो?"

"हसू नकोस. तुझी परीक्षा कितीला आहे?"

"सेव्हन्टीन्थ," ती म्हणाली. आणि मग तिचं हसू थांबलं.

चार महिन्यांत सून वाक्यं करायला लागली. मास्तरांनी सांगितलेली नव्हे, स्वतःची. एका सकाळी ते मधल्या तिसाव्या पावलावर होते आणि तिने चाकापासून खणखणीत आवाजात म्हटलं,

"आय वॉन्ट टू सी माय हजबंड."

मास्तरांच्या बोटांतला झुबका निसटला. पेड त्या जागी बारीक झाला. दोन वर्षांत तिच्या तोंडून असं वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. फार तर "तिकडचं काही कळलं का," एवढंच ती विचारायची, तेही भांडी घासताना, पाठ फिरवून. तिने नवऱ्याचं नावही कधी त्यांच्यासमोर घेतलं नव्हतं.

"आय वॉन्ट टू होल्ड हिज हँड," ती म्हणाली. चाक फिरत होतं. तिची नजर सरळ त्यांच्याकडे होती, धीट, पाढे म्हणणाऱ्या पोरीसारखी. "बरोबर का आबा?"

"बरोबर," ते म्हणाले.

"आठवण येणं, याला काय म्हणायचं?"

"मिस."

"मिस तर चुकणं ना? गाडी चुकली, मिस झाली?"

"तेच."

"दोन्हीला एकच?"

"एकच."

तिने चाक आणखी एकदा फिरवलं. मग म्हणाली, "आय मिस हिम," आणि ते वाक्य तिने त्या दिवशी पुष्कळदा म्हटलं. त्यात टूची गरज नव्हती.

परीक्षेला आठ दिवस उरले तेव्हा मास्तर सुनेची वही घेऊन शिंपिणीकडे गेले. निमित्त फाटलेल्या गोणपाटाचं होतं. शिंपिणीची लेक कॉलेजात इंग्रजीच शिकत होती आणि सुट्टीला आली होती. वहीत तीस वाक्यं होती, एकसारख्या गोल अक्षरांत. तीस वाक्यं म्हणजे साहेबाने काहीही विचारलं तरी पुरतील, असा मास्तरांचा हिशेब होता. खरं सांगायचं तर त्यांना कुणीतरी छान म्हणायला हवं होतं.

लेकीने वही मांडीवर घेतली. वाचता वाचता तिने कानावरची पेन्सिल काढली.

"काका, हे कुणी शिकवलं?"

"पुस्तकानं."

"हे बघा. ही लिव्ह्ज इन सेकंड कंट्री विथ सेकंड पीपल."

"हं. दुसऱ्या देशात, दुसऱ्या लोकांबरोबर."

"आपल्याकडे दुसरा म्हणजे दोन नंबरचाही आणि वेगळाही. त्यांच्याकडे सेकंड म्हणजे दोन नंबरचाच. पहिले लोक कुठे गेले, असं विचारतील. इथे अनदर पाहिजे, किंवा अदर."

मास्तरांनी मान हलवली.

"आणि हे. माय डॉटर स्टॉप्ड टू क्राय."

ते वाक्य मास्तरांना विशेष आवडायचं. बाप परदेशी गेल्यावर भिंगरी दोन महिने रोज संध्याकाळी फाटकाशी उभी राहून रडायची. मग एके दिवशी रडायची थांबली.

"याचा अर्थ उलटा होतो, काका. म्हणजे ती चालली होती, मध्येच थांबली, आणि थांबली ती रडण्यासाठी."

"नाही, नाही. रडायची थांबली."

"ते आपल्या भाषेत. त्यांच्यात क्रायिंग म्हणावं लागतं. स्टॉप्ड क्रायिंग. इथे टू चालत नाही. एन्जॉयनंतर नाही, फिनिशनंतर नाही. तुम्ही सगळीकडे टू घातलाय."

शिंपिणीने मशीन थांबवलं. "काय हो मास्तर, सगळ्याला एकच धागा?"

मास्तर हसले. हसताना त्यांच्या कानशिलांना गरम लागत होतं.

"तीन-चार दिवस तिला पाठवा ना संध्याकाळी," लेक म्हणाली. "ती हुशार दिसते. तेवढ्यात बसेल. अठरा तारखेपर्यंत मी आहेच."

"सांगतो तिला," मास्तर म्हणाले.

ते घरी आले तेव्हा सुनेने पाठीला लावायला तेल गरम करून ठेवलं होतं. "काय म्हणाली ती?" तिने विचारलं.

"कोण?"

"आता कोण म्हणजे? शिंपिणीची."

"भेट नाही झाली नीट. वही मीच तपासतोय अजून."

त्यांनी वही माळ्यावर दोरांच्या वेटोळ्याखाली सरकवली. हे त्यांनी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही, पण शिडी त्यांनीच लावली आणि पाठ दुखत असताना तेच चढले.

शुक्रवारी आणि शनिवारी वर्ग नेहमीसारखा भरला. "शी स्टॉप्ड..." मास्तर म्हणायचे आणि "टू क्राय!" असं उत्तर साठ पावलांवरून यायचं. तळ्यावरून आलेल्या पातीची रास निम्मी झाली होती. दुपारी सून पात बडवायची. हातातलं लाकूड वर जाताना तिच्या कोपराची शीर ताणलेली दिसायची. तिच्या पाठीमागे भिंगरी आजोबांचा जुना सदरा घालून झोपलेली असे. एक वर्ष म्हणजे काय मोठं, असं मास्तरांच्या मनात येई. एक उन्हाळा. पुढच्या वर्षी चांगली तयारी होईल. मग ते उठून उगाच खुंट्या ठोकत बसत.

रविवारी फोन आला. सुनेने दोन वाक्यं बोलून फोन सासऱ्याकडे दिला आणि ती दाराआड उभी राहिली. नेहमीचंच होतं हे.

"आबा, कसं चाललंय तिचं?"

"छान."

"मी वेगळी खोली घेतलीय. छोटी आहे. खिडकीतून गोदामाचं छप्पर दिसतं फक्त. भिंगरीसाठी कोपऱ्यात फळी ठोकलीय, तिच्या उंचीला." मग त्याने विचारलं, "आबा, ती करेल ना पास?"

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही शिकवलंय म्हणजे पक्कं असणार," मुलगाच म्हणाला. "तुम्ही वळलेला पेड कधी सुटलाय का?"

सोमवारी सकाळी सून चाकाशी येऊन उभी राहिली तेव्हा मास्तरांनी कमरेला पुंजका बांधला नव्हता. हातात वही होती.

"पोरी, मी शिकवलेलं चुकलंय."

"कुठलं?"

"बरंचसं."

त्यांनी सांगितलं. दुसऱ्याचं आणि थांबण्याचं. सून ऐकत होती. पेन्सिलीच्या रेघा तिने बोटाने मोजल्या. अकरा.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"गुरुवारी."

"आज सोमवार."

"हो."

"मधले दिवस काय करत होतात?"

"वही कुठं ठेवली ते..." मास्तर थांबले. "वही माळ्यावर होती. मीच ठेवली होती."

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. राग तिच्या चेहऱ्यावर एकदम आला नाही; आधी तिने चाकाच्या दांड्यावरचा हात काढून पदराला पुसला.

"आणि आधीसुद्धा," मास्तर म्हणाले. एकदा तोंड उघडल्यावर त्यांना थांबता येईना. "पुस्तकाच्या अठ्ठेचाळिसाव्या पानाच्या तळाशी ओळ आहे. मात्र काही क्रियापदांनंतर, अशी. पुढची पानं नाहीत. तिथे एक ‘मात्र’ आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कुणाला विचारलं नाही."

"का?"

"मला येत नाही असं दिसलं असतं."

"एवढंच?"

मास्तर धाग्यांचा पुंजका चाचपू लागले. गोठ्यातल्या गाईने शेपूट आपटलं.

"बांधा पुंजका," सून म्हणाली. "धागा वाळतोय."

त्या दिवशी तिने चाक इतकं फिरवलं की पेडाला गाठी पडल्या. अति पीळ बसला की दोर स्वतःभोवतीच वेटाळतो. मास्तर उलट्या पावलांनी चालत होते, गाठी दिसत होत्या, पण हळू फिरव म्हणायची त्यांची छाती झाली नाही. धडा झाला नाही. दुपारचं ताट तिने त्यांच्यासमोर ठेवलं, नेहमीसारखं वाढून, आणि "आणखी हवं का," हे भिंगरीकडून विचारून घेतलं.

संध्याकाळी ती लेकीला कडेवर घेऊन शिंपिणीकडे निघाली. फाटकापाशी मागे न वळता म्हणाली, "तुम्हीही चला."

"मी कशाला?"

"मग घरी सराव कोण घेणार? दूधवाला?"

चार संध्याकाळी ते दोघं शिंपिणीच्या दारात बसले. सून आत, मशीनजवळ. मास्तर उंबऱ्यावर, मांडीवर भिंगरी. ग्राहक बायका कापड घेऊन यायच्या आणि त्यांना ओलांडून आत जायच्या. "मास्तरच वर्गात बसले की!" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "अहो, नापास झाले म्हणून पुन्हा बसवलंय." मास्तरांनी पाय जवळ घेतले. शिंपिणीची लेक गोड शिकवायची.

"जे चालू होतं ते बंद झालं, तर आयएनजी. ज्याच्यासाठी थांबलो ते सांगायचं, तर टू. काका, तुम्ही करा एक."

मास्तरांनी खूप विचार केला. "आय स्टॉप्ड टीचिंग," ते म्हणाले.

"व्वा!"

"आता दुसरं," आतून सून म्हणाली. ते उंबऱ्यावर बसायला लागल्यापासून ती त्यांच्याशी सरळ बोलली होती ती प्रथमच. "टू लावून."

"आय स्टॉप्ड... टू लिसन."

मशीनचा आवाज बंद होता. सुनेने वहीत दोन्ही वाक्यं लिहून घेतली.

कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. जिना चढताना सून प्रत्येक मजल्यावर तो कितवा ते पुटपुटत होती. लांबलचक बोळात भिंतीला लागून बाक आणि त्यांवर तिच्यासारख्याच बायका, हातात वह्या, ओठ हलणारे. शिपाई आकडे पुकारत होता. सुनेचा आकडा बारावा.

"ट्वेल्फ्थ," ती म्हणाली. "मेला कसला आकडा आहे."

"जीभ दातांत धर," मास्तर म्हणाले.

"तुम्हाला दात नाहीत आणि मला सांगताय."

तिचे हात गार होते. भिंगरीला शिंपिणीकडे ठेवून आले होते, त्यामुळे त्या हातांना धरायला काही नव्हतं. ती पुन्हा पुन्हा पदर सारखा करत होती.

आतला पंखा बंद होता म्हणून खोलीचं दार उघडंच ठेवलं होतं. मास्तर समोरच्या बाकावर बसले. साहेब म्हणजे एक बाई निघाल्या, चष्मा लावलेल्या, नाकाशी रुमाल. सर्दी झालेली असावी. त्यांच्यासमोर सुनेची पाठ आणि मानेवरचा अंबाडा एवढंच मास्तरांना दिसत होतं, आणि अर्धा गाल.

नाव विचारलं, गाव विचारलं. घरी काम काय, विचारलं. "वुई मेक रोप," सून म्हणाली. "आय टर्न द व्हील. माय फादर-इन-लॉ वॉक्स बॅक." बाईंनी लिहून घेतलं. नवरा कुठे? "इन अनदर कंट्री." मास्तरांनी श्वास सोडला. मुलं किती?

"वन डॉटर. शी इज माय फर्स्ट."

"अँड द सेकंड?" बाई लिहिता लिहिता सहज म्हणाल्या.

सुनेच्या मानेवर लाली चढत गेलेली मास्तरांना बाकावरून दिसली.

"फर्स्ट आय गो," ती म्हणाली. "सेकंड आफ्टर."

बाई हसल्या. रुमाल नाकाशी धरूनच हसल्या. मास्तर छताकडे पाहू लागले. तिथे एक कोळ्याचं जाळं होतं आणि त्यांनी ते बारकाईने पाहिलं.

मग भिंगरीचं झालं. बाप गेल्यावर ती रडली का? "येस. टू मन्थ्स. देन शी स्टॉप्ड," आणि इथे सून थांबली, मास्तरांच्या पायाची बोटं चपलेत आवळली गेली, "शी स्टॉप्ड क्रायिंग." बाईंनी पान उलटलं. आठ मिनिटं झाली होती.

"हू विल स्टे विथ युअर फादर-इन-लॉ?"

"नो. नोबडी."

"डज ही वॉन्ट यू टू गो?"

हे वाक्य वहीत नव्हतं. पुस्तकात नव्हतं, शिंपिणीच्या लेकीनेही सांगितलं नव्हतं. आय वॉन्ट टू गो, यात हवं असणारा आणि जाणारा एकच. इथे दोन माणसं होती आणि टू त्या दोघांच्या पुढे बांधलेला. सून ते शब्द ओठांत सुटे करत होती. "ही... वॉन्ट... मी..." कोणाला हवंय, कोण जाणार. मास्तरांनीही बाकावर बसून ते सुटे केले, आणि तिच्याआधी त्यांना उमगलं.

तिलाही उमगलं. कारण ती एकदम मागे वळली आणि दारातून तिने त्यांच्याकडे पाहिलं. वाक्य अडलेल्या विद्यार्थिनीची ती नजर नव्हती. ती खरंच विचारत होती.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

मास्तरांनी मान हलवली. होकाराची; एकदा, आणि कमी पडली असेल म्हणून आणखी एकदा.

सून पुढे वळली.

"येस," ती म्हणाली. "ही वॉन्ट्स मी टू गो."

तासाभराने शिपायाने कागद आणून दिला. कागदावर शिक्का होता आणि शिक्क्यात पास हा शब्द तिरका उठला होता. इतर बायका भोवती जमल्या. सुनेने कागद दोनदा वाचला, घडी घालून ब्लाउजात ठेवला आणि जिना उतरायला लागली. मास्तर एकेक पायरी मागे होते.

गाडीच्या थांब्यावर ऊन होतं. दोघंही खांबाच्या सावलीत मावेल तेवढं मावून उभे राहिले. मुलाला फोन लावायचा होता, पण तो कामावर असणार.

"आबा."

"हं."

"मघाशी मान हलवायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"तू अडली होतीस."

"मी अडले नव्हते. मी विचारत होते."

मास्तरांनी चप्पल काढून तिच्यातला खडा झटकला.

"तू जायला हवंस," ते म्हणाले.

"ते मला माहीत आहे." ती त्यांच्याकडे बघत होती. "जायला हवं, करायला हवं, असं आपल्याकडे कुणीही कुणालाही म्हणतं. त्यात म्हणणारा कुठेच नसतो. त्या बाईंनी तुमचं विचारलं होतं. तुम्हाला काय हवंय?"

लांब वळणावर गाडी दिसली. थांब्यावरची माणसं सामान उचलायला लागली. मास्तर तोंड उघडून उभे होते. मराठीत ते वाक्य केवढंसं होतं, दोन-तीन शब्दांचं, आणि त्यात व्याकरणाची काही अडचण नव्हती.

"गर्दी आहे," ते म्हणाले. "तू आधी चढ. जागा धर."

सून आधी चढली. तिने खिडकीजवळची जागा धरली, शेजारी पिशवी ठेवली, आणि तीन जणांना "माणूस आहे, येतंय," असं सांगत ती दाराकडे बघत राहिली. गाडी सुटायला आली तरी मास्तर खालीच होते, दांड्याला धरून, एक पाय पायरीवर. वाहकाने घंटी वाजवली. मग सून उठली, गर्दीतून वाट काढत दारापाशी आली आणि तिने त्यांच्या कोपराला धरून त्यांना वर ओढून घेतलं.